सपाट पत्र्यापासून हॉट रॉड: हौशी पत्राकामामागचे गणित आणि हातोडी

अनावश्यक भाग काढून वजन उतरवलेली, छप्पर कापून ठेंगणी केलेली आणि मूळच्यापेक्षा ताकदवान इंजिन बसवलेली जुनी मोटार म्हणजे हॉट रॉड. हा प्रकार दक्षिण कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकात रुजला. म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर तरुण मंडळी फोर्डच्या जुन्या गाड्या पळवीत असत आणि १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संघटना स्थापन केली. फोर्डने ३१ मार्च १९३२ रोजी व्ही-८ इंजिनाची गाडी सादर केल्यावर या छंदाला त्याची आवडती गाडी मिळाली. २२१ घन इंच, म्हणजे सुमारे ३.६ लिटर, क्षमतेचे ते ६५ अश्वशक्तीचे इंजिन आज किरकोळ वाटेल, पण सामान्य ग्राहकाला परवडणाऱ्या गाडीत तेव्हा आठ सिलिंडर मिळत नसत. दुसऱ्या महायुद्धानंतर तर लढाऊ विमानांच्या जादा इंधनटाक्यांना चाके लावून शर्यतीच्या गाड्या तयार झाल्या आणि १९४९ पासून युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाच्या चाचण्यांचा ‘स्पीड वीक’ भरू लागला.

या गाड्या ठेंगण्या दिसतात त्याला मुळात कारण होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात, त्यामुळे ज्याला इंजिनातून आणखी शक्ती काढणे परवडत नव्हते त्याने करवत हाती घेऊन गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळच कमी केले. शोभेचा भाग नंतर आला आणि आज तोच जास्त उरला आहे.

पुण्यात बसून अशी गाडी बांधायची म्हटली तर बरीचशी कामे फारशी अडत नाहीत. नाना पेठेत सुटे भाग मिळतात, भोसरीच्या एमआयडीसीत हवा तो भाग लेथवर कातून मिळतो, इंजिन उघडून बसवणारा जाणता मेकॅनिक प्रत्येक उपनगरात असतो. अडते ते बॉडीपाशी. १९३२ च्या फोर्डचा मडगार्ड इथल्या कोणत्याही दुकानात टांगलेला नाही आणि चांगला डेंटिंगवालाही तो करून देईलच असे नाही, कारण पोचा पडलेला भाग मूळ आकारावर आणणे आणि मुळात नसलेला आकार सपाट पत्र्यातून उभा करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामात पत्र्याला आपला जुना आकार अर्धामुर्धा आठवत असतो. दुसऱ्यात त्याला आठवण्यासारखे काहीच नसते. हा लेख त्या दुसऱ्या कामाविषयी आहे.

आधी कायद्याचे

पत्र्याला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असावी, नाहीतर काही वर्षांच्या मेहनतीची गाडी दारातच उभी राहते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात ठरवलेला आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालात हेच ठामपणे सांगितले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली खरी, परंतु चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी त्यात बसत नाही आणि हॉट रॉड तर नेमकी या तीन बदलांवरच उभी असते. गाड्यांची तपासणी व मान्यता करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे, पण तिथले मान्यतेचे काम मुख्यतः उत्पादकांच्या मॉडेलांसाठी चालते.

म्हणून ही गाडी खाजगी जागेत चालवण्यासाठी आणि ट्रेलरवर घालून प्रदर्शनाला नेण्यासाठी बांधायची, असे धरून चालावे. नोंदणी असलेल्या गाडीला हात लावणार असाल तर संगम पुलाजवळच्या आरटीओत आधी लेखी विचारणा करावी. माझे स्वतःचे मत याहून थोडे कडक आहे. सुस्थितीतील पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर या कामासाठी कापू नये. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्याही आधी, आणि चांगल्या स्थितीतल्या गाड्या आता कमीच होत जाणार. तळ गंजून गेलेली, भंगारात निघालेली गाडी घ्यावी, किंवा सरळ नवा सांगाडा करून त्यावर संपूर्ण बॉडी घडवावी. पत्राकाम शिकायचेच असेल तर दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक आहे.

वाकवणे आणि घडवणे

पत्र्याचा तुकडा घेऊन नळीसारखा वळवला तर त्याचा आकार बदलतो, पण त्याच्या अंगावरचे कोणतेही दोन बिंदू पृष्ठभागावरून मोजले असता पूर्वीइतक्याच अंतरावर राहतात. हात सोडला की तो बराचसा परत उघडतोही. याला वाकवणे म्हणावे. दाराचा सपाटसा पत्रा किंवा बॉनेटची एकाच दिशेने वळलेली बाजू एवढ्यावर भागते. परंतु मडगार्डचा माथा लांबीच्या दिशेनेही वळलेला असतो आणि रुंदीच्या दिशेनेही. असा दुहेरी वळणाचा पृष्ठभाग सपाट पत्रा नुसता वाकवून कधीही होत नाही, मग कितीही ताकद लावा. यात कौशल्याची उणीव नसून भूमितीचाच अडसर आहे: कार्ल फ्रेडरिक गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये सिद्ध केले की पृष्ठभागावरची अंतरे न बदलता त्याची आंतरिक वक्रता, म्हणजे दोन्ही दिशांच्या वळणांचा गुणाकार, बदलता येत नाही. पृथ्वीचा नकाशा कागदावर काढताना कुठे ना कुठे प्रमाण बिघडते तेही याच कारणाने.

पत्र्याच्या भाषेत याचा अर्थ असा की फुगीर आकार हवा असेल तर मधोमध क्षेत्रफळ वाढले पाहिजे किंवा कडेला ते कमी झाले पाहिजे. तिसरा मार्ग नाही. किती, तेही काढता येते. सपाट चकतीचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेवढ्याच घेराची गोलाकार फुगीर टोपी केली तर ते ‘त्रिज्येचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग’ या बेरजेच्या प्रमाणात होते. ३० सेंमी व्यासाचा भाग मध्यभागी ३ सेंमी उचलायचा असेल तर २२५ च्या जागी २३४, म्हणजे अवघे ४ टक्के जादा क्षेत्रफळ लागते. ६ सेंमी उचलायचा असेल तर २६१, म्हणजे १६ टक्के. उंची दुप्पट झाली आणि लागणारे जादा क्षेत्रफळ चौपट झाले. पूर्ण अर्धगोल करायचा म्हणजे उंची १५ सेंमी, आणि तेव्हा क्षेत्रफळ नेमके दुप्पट लागते. हे सगळे जादा क्षेत्रफळ पत्रा ताणूनच मिळवायचे ठरवले तर १.२ मिमी जाडीचा पत्रा सरासरी ०.६ मिमी उरेल. सरासरी म्हणण्याचे कारण असे की माथ्यावर तो त्याहूनही पातळ होईल आणि बहुधा तिथेच फाटेल.

तोच अर्धगोल दुसऱ्या बाजूने करता येतो. सुमारे २१.२ सेंमी त्रिज्येची, म्हणजे मुळातच दुप्पट क्षेत्रफळाची चकती घ्यावी आणि तिचा घेर आकसवत न्यावा. सुरुवातीला तो घेर १३३ सेंमी असतो आणि शेवटी ९४ सेंमी उरला पाहिजे. जाडी मात्र जवळपास कायम राहते, काठाशी तर वाढतेच. उकडीच्या मोदकाची पारी हातावर घेऊन बोटांनी तिच्या कडेला मुखऱ्या पाडत गेले की पारी आपोआप वाटीसारखी उभी राहते, कारण कडेचा घेर चुण्यांमध्ये जमा होतो आणि मधला भाग आहे तसाच राहतो. पत्रा आकसवणाराही कडेला अशाच चुण्या पाडतो, फरक एवढाच की मोदकाच्या मुखऱ्या दिसू द्यायच्या असतात आणि पत्र्यातली प्रत्येक चुणी ठोकून त्या पत्र्यातच जिरवायची असते. चुणी बाजूला पसरून पुन्हा सपाट झाली तर काहीच आकसले नाही, आणि ती स्वतःवर दुमडली गेली तर तिथे चीर पडते. या दोहोंच्या मधली जागा हातालाच शिकावी लागते.

खोगिरासारखा आकार, म्हणजे एका दिशेने उंच आणि दुसऱ्या दिशेने खोल, याच्या नेमका उलट. तिथे कडेला क्षेत्रफळ वाढवावे लागते किंवा मध्यात कमी करावे लागते. मडगार्ड जिथे बॉडीला येऊन मिळतो तिथे बहुधा हा आकार असतो आणि नवख्याचा पहिला मडगार्ड तिथेच रुसतो, कारण माथा फुगवण्याची सवय झालेला हात तिथेही मध्यावरच ठोकत राहतो.

या छंदाविषयी मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा एवढाच: पॅनेलचा आकार म्हणजे पत्र्याच्या क्षेत्रफळाची वाटणी. कुठे जास्त हवे आणि कुठे कमी, हे ज्याला पत्र्याकडे बघून सांगता येते त्याला दोन हातोड्यांवर मडगार्ड करता येतो. ज्याला सांगता येत नाही त्याला महागडी यंत्रे घेऊनही नुसता खडबडीत पत्रा मिळतो.

ताणणे आणि आकसवणे

साधनांची यादी वाचून घाबरण्यासारखे काही नाही, कारण प्रत्येक साधन शेवटी या दोनपैकी एक काम करते, आणि काही साधने दोन्ही.

सुरुवातीला वाळू भरलेली चामड्याची पिशवी आणि बाभळीचा जाड ओंडका पुरे. पिशवी तीन चतुर्थांश भरावी, म्हणजे पत्र्याखाली तिला खळगा पडतो. ओंडक्याच्या माथ्यावर तळहाताएवढा उथळ खळगा कोरून घ्यावा. गोल तोंडाच्या लाकडी किंवा नायलॉनच्या हातोड्याने पत्रा या खळग्यात ठोकला की मध्ये तो ताणला जातो आणि भोवती चुण्या उठतात. नवखा माणूस या चुण्यांना शत्रू समजून ताबडतोब सपाट करायला धावतो. खरे तर कडेला जास्तीचे क्षेत्रफळ आहे हेच त्या सांगत असतात. त्याच जागी जिरवल्या तर ताणणे आणि आकसवणे एका बैठकीत होते आणि पत्रा फारसा पातळ होत नाही. खळग्याचा ओंडका पिशवीपेक्षा मला अधिक उपयोगी वाटतो तो यामुळेच.

कडेला मुद्दाम चुणी पाडायला दोन दात्यांचा लोखंडी चिमटा लागतो. दोन गज शेजारीशेजारी वेल्ड करून तो घरी करता येतो. दात्यांमध्ये कड अडकवून पिळली की चुणी उठते. फक्त काटकोनात वळवलेली कड ताणायची वा आकसवायची असेल तर जबड्याने पत्रा पकडून ढकलणारे हाताचे छोटे यंत्र मिळते, पण त्याचे जबडे पत्र्यावर दातांच्या खुणा सोडतात, म्हणून दिसणाऱ्या भागावर ते चालवू नये.

यानंतर येते डॉली, म्हणजे मुठीत मावणारा घडीव लोखंडी ठोकळा. पत्र्याच्या मागे डॉली नेमकी हातोडीच्या खाली धरली तर दोन लोखंडांमध्ये सापडलेला पत्रा पातळ होतो, म्हणजे ताणला जातो. डॉली खोलगट जागेमागे दाबून धरून शेजारच्या उंचवट्यावर ठोकले तर मात्र पत्रा ताणल्याशिवाय उंचवटा बसतो आणि खोलगा उठतो. डेंटिंगच्या दुकानात कुशल कारागिराचे हात हा फरक नकळत पाळत असतात. हौशी माणसाने तो जाणीवपूर्वक पाळावा. ट्रकच्या जुन्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) तुकड्याला मूठ लावून, त्याचे तोंड घासून गुळगुळीत केले तर रुंद फटका देणारे उत्तम हत्यार होते, कारण तो फटका मोठ्या जागेवर पसरतो आणि टोचे पडत नाहीत. अशा वस्तूंसाठी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर टाकावी. नव्या हातोडीपेक्षा जुनी, चांगल्या पोलादाची हातोडी घेऊन तिचे तोंड आरशासारखे घासून घेणे केव्हाही बरे, कारण हातोडीच्या तोंडावरचा प्रत्येक ओरखडा पत्र्यावर छापला जातो.

इंग्लिश व्हील या यंत्राभोवती बरेच वलय आहे. मोठ्या ‘सी’ आकाराच्या चौकटीत वर एक सपाट चाक आणि खाली किंचित फुगीर चाक असते. दोहोंमध्ये पत्रा दाबून मागेपुढे फिरवला की चाकाखालच्या अरुंद पट्ट्यात तो थोडा पातळ होतो आणि तेवढाच ताणला जातो. पट्टे एकमेकांना खेटून ओढायचे, मग दिशा बदलून आडवे. दाब जास्त दिला की पट्ट्यांचे व्रण उठतात आणि ते काढण्यात दिवस जातो. लक्षात ठेवण्यासारखी बाब ही की हे यंत्र मुख्यतः ताणते. कडेला क्षेत्रफळ जास्त झालेला पत्रा त्यात घालून कितीही फिरवला तरी तो सुधारत नाही, उलट बिघाड गुळगुळीत होतो. चौकट कडक असणे महत्त्वाचे. भोसरीतल्या एखाद्या टर्नरकडून ईएन ३१ या बेअरिंगच्या पोलादाची खालची चाके कातून, कडक करून घेतली आणि जाड चौकोनी नळीची चौकट स्वतः वेल्ड केली तर विकतच्या स्वस्त यंत्रापेक्षा चांगले काम देते. पण ते दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी हातोडी.

ज्याला हे सगळे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्याला अमेरिकेतल्या चित्रफिती शोधायची गरज नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याचा पत्रा ठोकून हंडे, घंगाळी आणि बंब घडवले गेले. तांबटांचे मठारकाम, म्हणजे घडवलेल्या भांड्यावर शेजारीशेजारी मारलेले एकसारखे ठोके, हे शोभेचे वाटते. पण तापवून मऊ झालेले तांबे त्या ठोक्यांनी पुन्हा कडक होते आणि पातळ भांडे आकार धरून ठेवते. मडगार्डच्या शेवटच्या फेरीत डॉलीवर हलके ठोके मारत जाणे हे तेच तंत्र आहे.

पत्रा कोणता घ्यावा

ठोकल्याने धातू कडक होतो याचा दुसरा अर्थ असा की तो हळूहळू ठोकण्यालायक राहत नाही. म्हणून सुरुवातीलाच मऊ पत्रा घ्यावा. बाजारात सीआरसी या नावाने मिळणाऱ्या थंड लाटलेल्या पोलादी पत्र्यात डी, डीडी आणि ईडीडी अशा प्रती असतात. खोल घडवण्यासाठी शेवटच्या दोन घ्याव्यात, नुसता ‘सीआरसी’ म्हणून मागू नये. जाडी १ ते १.२ मिमी. आजच्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिमीचा असतो, पण तो कारखान्यात एका दाबात तयार होतो. हाताने ताणायचे तर थोडी जाडी हाताशी हवी. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा टाळावा, कारण वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की ताप भरतो.

८ बाय ४ फुटांच्या १.२ मिमी पोलादी पत्र्याचे वजन सुमारे २८ किलो भरते, १.५ मिमी ॲल्युमिनियमचे साधारण १२ किलो. ॲल्युमिनियम हाताला हलके आणि ठोकायला सोपे, त्यामुळे पहिल्या सरावाला ते उत्तम; ३००३ हा मिश्रधातू मिळाला तर तो घ्यावा. कडक झाल्यावर ते तापवून पुन्हा मऊ करता येते, पण पोलादासारखे ते लाल होऊन दाखवत नाही, थेट वितळून गळते. म्हणून पत्र्यावर कपडे धुण्याच्या साबणाने रेघा ओढाव्यात आणि गॅसच्या ज्योतीने तापवत जावे. रेघ काळी पडली की थांबावे. त्याची वेल्डिंग मात्र अवघड असते, आणि खडीच्या एका उडत्या तुकड्याने त्याला पोचा पडतो. पूर्ण बॉडी ॲल्युमिनियमची करण्याचा मोह पहिल्या गाडीला आवरावा.

साचा आणि टेपची कातडी

डोळ्यांवर विसंबून घडवलेले दोन मडगार्ड एकमेकांचे भाऊ होतात, जुळे होत नाहीत. म्हणून आधी लाकडी साचा करावा: प्लायवुडचे आडवे आणि उभे छेद एकमेकांत अडकवून, गाडीच्या त्या भागाचा सांगाडा उभा राहतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लायवुड आणून करवतीने कापता येते, किंवा संगणकावर रेखाटन करून कापून घेता येते. ६ मिमी लोखंडी गज वाकवून, वेल्ड करून केलेला सांगाडा त्याहून स्वस्त पडतो आणि हौशी माणसाला तो पुरतो. साचा हा ठोकण्यासाठी नसतो. पत्रा त्यावर ठेवून फट कुठे राहते ते पाहायचे, काढून घेऊन ठोकायचे, पुन्हा ठेवून पाहायचे.

एखाद्या अस्तित्वात असलेल्या भागाची प्रतिकृती करायची असेल तर त्याहून सुरेख युक्ती आहे. त्या भागावर आधी सहज निघणाऱ्या टेपचा आणि त्यावर धाग्यांनी मजबूत केलेल्या, न ताणणाऱ्या टेपचा थर एकमेकांना आडवा चिकटवून पूर्ण कातडी तयार करायची, ती अलगद सोलायची आणि आतल्या चिकट बाजूला टाल्कम पावडर लावायची. ही कातडी हातात घेतली तर लोंबते, गुंडाळता येते, उलटीही करता येते, पण तिच्यातले क्षेत्रफळ बदलत नाही. म्हणजे गाउसने जे सांगितले त्याची ही प्रत्यक्ष प्रत. घडवलेल्या पत्र्यावर ती अंथरावी. जिथे ती सैल पडून फुगते तिथे पत्र्यात क्षेत्रफळ कमी आहे, तिथे ताणावे. जिथे ती ताठ बसते आणि तिच्या भोवतीचा भाग उचलला जातो तिथे जास्त आहे, तिथे आकसवावे. कातडी सर्वत्र चपखल बसली पण पत्रा मात्र साच्यावर बसत नाही, असे झाले तर घाबरू नये: क्षेत्रफळाची वाटणी बरोबर आहे आणि आता फक्त हाताने वाकवून तो जागेवर आणायचा आहे. हा क्षण ज्याने अनुभवला त्याला वाकवणे आणि घडवणे यांतला फरक पुन्हा समजवावा लागत नाही.

जोड

एवढा मोठा मडगार्ड एका तुकड्यात करण्याचा हट्ट धरू नये. तीन-चार तुकडे घडवून जोडणे हीच रीत आहे, आणि जोड असा निवडावा की तो जिथे वळण सौम्य आहे तिथून जाईल. अगदी कडेवर किंवा खोल घडीत जोड आला तर मागे डॉली पोहोचत नाही. पत्र्याची टोके एकमेकांवर चढवू नयेत, समोरासमोर भिडवावीत, कारण चढवलेल्या जोडात पावसाचे पाणी शिरून तो आतून गंजतो.

वेल्डिंगने पत्रा वाकडा का होतो हे समजले तर अर्धी भीती जाते. तापलेली जागा प्रसरण पावू पाहते, पण भोवतालचा थंड पत्रा तिला जागा देत नाही. तेव्हा मऊ झालेला धातू जाडीत फुगतो. थंड होताना मात्र तो आकुंचन पावतोच, आणि मूळच्यापेक्षा लहान होऊन बसतो. म्हणजे वेल्डिंगची प्रत्येक रेघ हे नकळत केलेले आकसवणे आहे आणि त्यावरचा उपाय ताणणे: साधारण इंचाइंचावर टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, घालावेत, थोडे थोडे वेल्ड करावे आणि डॉली खाली धरून ती रेघ ठोकत जावी, की पॅनेल परत जागेवर येते. यासाठी वेल्डही मऊ हवे. आर्गनचे (टिग) किंवा गॅसच्या ज्योतीचे वेल्ड ठोकता येते. सीओटूचे (मिग) वेल्ड भराभर होते, पण त्याची रेघ जाड आणि कडक राहते, ती आधी ग्राइंडरने घासून पातळ करावी लागते.

हेच तत्त्व उलट वापरले की ते हत्यार होते. पत्रा मध्ये सैल झाला असेल, अंगठ्याने दाबल्यावर ‘टक’ करून आत जात असेल, तर फुगीर जागेवर पैशाएवढा ठिपका लाल होईपर्यंत तापवावा, हलकेच ठोकावा आणि ओल्या फडक्याने थंड करावा. असे काही ठिपके झाले की तो भाग घट्ट बसतो. ग्राइंडरला लावायची गुळगुळीत स्टीलची तबकडीही मिळते. ती घर्षणाने फक्त उंचवटेच तापवते, म्हणून बारीक कामाला सोयीची.

छप्पर कापणे

हॉट रॉडची सर्वांत प्रसिद्ध शस्त्रक्रिया ही, आणि सर्वांत फसवीही. खांबांमधून ७५ मिमीची पट्टी काढली आणि छप्पर खाली बसवले, एवढे ते सोपे वाटते. परंतु खांब उभे नसतात. पुढचा खांब उभ्या रेषेपासून ३० अंश मागे कललेला असेल तर ७५ मिमी खाली येताना छप्पर आणि खालचा खांब यांच्यात सुमारे ४३ मिमी आडवे अंतर पडते. मागचा खांब पुढे कललेला असेल तर तिथेही तसेच, आणि दोन्हींची बेरीज म्हणजे छप्पर तेवढे आखूड पडते. मग एकतर छप्पर मधोमध कापून लांब करायचे, म्हणजे दुहेरी वळणाची नवी पट्टी घडवून तिथे घालायची, किंवा खांबांचा कल बदलायचा. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्यांचे खांब बरेच उभे होते, त्यामुळे त्यांची छपरे कापणे तुलनेने सोपे गेले. ॲम्बेसेडरच्या गोलसर छपराला तो नियम लागू होत नाही. कापण्याआधी आतून तिरक्या नळ्या वेल्ड करून बॉडी बांधून घ्यावी, आणि समोरची काच कोठून येणार हे आधी ठरवावे. सपाट काच मिळते, वळणदार काच कापणे फार अवघड असते.

चासी, ब्रेक आणि स्टिअरिंग हा मजकूर मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. पत्रा चुकला तर दिसायला वाईट दिसतो. तिथे चूक झाली तर जीव जातो. ते काम मोजमाप करून, जाणत्या माणसाकडून करून घ्यावे.

शेवटची फेरी

ठोकून झाल्यावर पत्रा डोळ्यांना गुळगुळीत दिसतो तेव्हाही तो गुळगुळीत नसतो. त्यावर मार्करची शाई किंवा पातळ रंग फासून वक्र दातांची बॉडीची कानस हलकेच फिरवावी. उंचवट्यांवरची शाई जाते, खोलग्यांत राहते. खोलगे मागून टोकदार हातोडीने उचलायचे आणि पुन्हा कानस. उंचवटा कानसेने घासून काढायचा नाही, तो बसवायचा. घासत राहिले तर दोन-तीन ठिकाणी पत्रा कागदासारखा होतो. राहिलेली बारीक लहर पुट्टीने भरायला हरकत नाही. पुट्टीला अजिबात स्पर्श न करणाऱ्या कारागिरांचा मला आदर आहे, पण हौशी माणसाने त्या हट्टापायी गाडी अर्धवट टाकू नये. थर २ मिमीच्या आत असला की पुरे.

मडगार्डची कड मोकळी सोडली तर ती थरथरते आणि तडकते, म्हणून ती ६ मिमी तारेभोवती वळवून घ्यावी, जशी तांब्या-पितळेच्या मोठ्या भांड्यांच्या काठात तार भरलेली असते. वळवण्यासाठी तारेच्या व्यासाच्या अंदाजे अडीच पट जादा पत्रा कडेला आधीच ठेवलेला असावा, आणि तो फुगीर कडेभोवती वळताना आकसवावाही लागतो. हे विसरलेली कड ऐनवेळी लाटांसारखी होते.

जागेचा आणि आवाजाचा विचार आधी व्हावा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि पत्र्यावरची हातोडी जवळून सहज १०० डेसिबलच्या पुढे जाते, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम टिकत नाही. गावाबाहेर एखादी शेड भाड्याने घ्यावी आणि तिथेही कानांना संरक्षण लावूनच ठोकावे. उघडा पोलादी पत्रा पुण्याच्या पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस पडतो. काम चालू असेपर्यंत दर संध्याकाळी तेलाचे फडके फिरवावे, आणि पॅनेल पूर्ण झाले की तेल सॉल्व्हंटने पूर्ण पुसून, खरवडलेल्या कोरड्या पत्र्यावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारावा. साधा प्रायमर ओलावा आत जाऊ देतो. नुसत्या त्याच्या भरवशावर जूनमध्ये शेडला कुलूप लावू नये.